ट्रिस्टन दा कुन्हा: जिथे जायला अख्ख्या गावाची परवानगी लागते

(एपिसोडचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये नेटवर्क जात असेल, तर इथे वाचा. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी सगळं तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, सुरुवातीलाच समुद्राचा आवाज टाकलाय.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका रात्री दीड वाजता आमचं एक रिलीज संपलं. झोप उडालेली होती. अशा वेळी मला एक वाईट सवय आहे: मोबाइलवर नकाशा उघडायचा, समुद्राच्या मधोमध बोट ठेवायचं आणि झूम करत जायचं, काही सापडतं का ते बघायला. त्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये एक ठिपका सापडला. आणखी झूम केलं तर गोल बेट, मधे ज्वालामुखी आणि एका कडेला इवलंसं गाव. नाव 'एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज'. बेटाचं नाव ट्रिस्टन दा कुन्हा.

पुढचे तीन तास मी तेच वाचत बसलो. पहाटे ठरवलं की इथे जायचंच. मग जायचं कसं ते शोधलं, आणि परवानगीच्या अर्जात काय काय लिहावं लागतं त्या यादीतल्या एका साध्या गोष्टीवर अडकलो: येण्याचं कारण. आजचा एपिसोड म्हणजे त्या एका ओळीचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. आधीच सांगतो, मी तिथे अजून गेलेलो नाही. त्यामुळे हा प्रवासाचा व्हीलॉग नाही. जायच्या आधी केलेला अभ्यास आहे.

आधी नकाशा

बेट आहे किती? साधारण बारा किलोमीटर व्यासाचं. मधला ज्वालामुखी २,०६० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारेकशे मीटर उंच. तो थेट समुद्रातून उभा राहिलाय, त्यामुळे सपाट जमीन अगदी थोडी. वस्ती एकच, आणि लोकसंख्या अडीचशेच्याही आत. आमच्या सोसायटीच्या दोन विंगांमध्ये याहून जास्त माणसं राहतात.

सगळ्यात जवळचं माणसांचं बेट म्हणजे सेंट हेलेना, तेही सुमारे २,४०० किलोमीटरवर. केपटाउन सुमारे २,८०० किलोमीटर. म्हणजे जवळपास श्रीनगर ते कन्याकुमारी इतकं सरळ अंतर, आणि मधे फक्त पाणी.

नावाची गंमत ऐका. १५०६ साली पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिश्ताँव दा कुन्या हिंदुस्थानच्या वाटेवर असताना त्याला हे बेट दिसलं. त्याच ताफ्यात अफोन्सो द अल्बुकर्क होता, ज्याने पुढे १५१० मध्ये गोवा घेतला. म्हणजे गोव्याचा इतिहास बदलणारा माणूस ज्या ताफ्यात होता, त्याच ताफ्याने हे बेट नकाशावर आणलं. दा कुन्या मात्र किनाऱ्यावर उतरला नाही. नाव ठेवलं आणि पुढे गेला.

जायचं कसं

विमानतळ नाही. कुठल्याही अॅपवर तिकीट मिळत नाही. केपटाउनहून वर्षातून मोजक्या वेळा बोट सुटते आणि साधारण आठवडाभर लागतो. म्हणजे आपल्याला आधी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा, मग केपटाउन, मग बोट. या बोटींपैकी काही तर मासेमारीच्याच बोटी आहेत, त्यांत प्रवासी घेतात जेमतेम डझनभर. त्या जागांसाठी रांग असते आणि रांगेत पर्यटक शेवटी. उपचारासाठी केपटाउनला गेलेला बेटावरचा माणूस परत येत असेल, तर त्याचा नंबर तुमच्या आधी. मला हे फार पटलं.

पोचल्यावरही उतरता येईल याची खात्री नाही. बंदर अगदी छोटं आहे, मोठी बोट आत येतच नाही. ती बाहेर नांगर टाकते आणि तुम्हाला लहान होडीतून आणतात. समुद्र खवळलेला असेल तर बोटीवर बसून बेटाकडे बघत राहायचं.

आणि या सगळ्याच्या आधी परवानगी. तुम्ही कोण, कधी येणार, कुठे राहणार, कशासाठी येणार, हे कळवायचं. तिथली आयलंड काउन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी निवडून आलेली मंडळी, ते बघते आणि हो किंवा नाही सांगते. हॉटेल नाही. कुणाच्या तरी घरी राहायचं, नाहीतर भाड्याने दिलेल्या घरात. बाहेरच्या माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही, कायमचं स्थायिकही होता येत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जरा आगाऊपणाचं वाटलं. अडीचशे माणसं, एवढा कसला भाव खातायत? पण मग त्यांचा इतिहास वाचला.

चार बटाटे म्हणजे एक पेनी

१८१५ मध्ये ब्रिटिशांनी नेपोलियनला सेंट हेलेनावर कैदेत ठेवलं. त्याला सोडवायला कुणी ट्रिस्टनचा तळ म्हणून वापर करू नये, यासाठी १८१६ मध्ये इथे सैन्याची तुकडी आणून बसवली. वर्षभरातच ती परत बोलावली. तेव्हा विल्यम ग्लास नावाचा एक कॉर्पोरल म्हणाला, मी इथेच राहतो. तो, त्याची बायको, मुलं आणि दोन गवंडी. १८१७ मध्ये त्यांनी आपसात एक करार लिहून काढला. सार असं: साठा आणि नफा सगळ्यांचा सारखा, आणि कुणी कुणाचा साहेब नाही.

पुढे कुणी बोट फुटून आलं, कुणी व्हेल पकडणाऱ्या जहाजावरून उतरलं. १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच बायका आल्या. डच, अमेरिकन, इंग्लिश, इटालियन अशी सरमिसळ झाली. आज तिथली बहुतेक घरं मोजक्याच आडनावांची आहेत: ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हॅगन, रेपेटो, लावारेल्लो. शेवटची दोन इटालियन, १८९२ मध्ये फुटलेल्या जहाजावरच्या खलाशांची.

खायचं काय? गावापासून तीनेक किलोमीटरवर दगडी कुंपणांचे छोटे छोटे तुकडे आहेत, 'पॅचेस' म्हणतात त्यांना. तिथे बटाटा. शिवाय गाई, मेंढ्या, मासे, आणि शेजारच्या बेटांवरून पक्ष्यांची अंडी. बटाटा इतका महत्त्वाचा की १९४६ मध्ये बेटासाठी टपाल तिकिटाचा एक नमुना छापला गेला, त्यावर किंमत होती: एक पेनी किंवा चार बटाटे! सरकारने तिकीट मान्य केलं नाही, पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे पैसा फारसा चालतच नव्हता, हे खरं.

जमीन सगळ्यांची मिळून. कुटुंबाने किती गाई-मेंढ्या पाळायच्या यावर मर्यादा, कारण चराई थोडीच आहे. एकाने दहा गाई वाढवल्या तर दुसऱ्याच्या एका गाईला गवत उरणार नाही. आपण सर्व्हरवर रेट लिमिट लावतो ना, एकाच युजरने सगळी सिस्टीम खाऊ नये म्हणून? अगदी तेच. फक्त यांनी ते कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी लावलं.

आता यात फार रोमँटिक होऊ नका. १८८५ ची गोष्ट सांगतो. लांबून एक जहाज जाताना दिसलं. जहाज म्हणजे बाहेरचा माल, अदलाबदलीची संधी. पंधरा पुरुष होडी घेऊन निघाले. एकही परत आला नाही. एवढ्याशा गावातून एका दिवसात पंधरा माणसं गेली, घरंच्या घरं विधवांची झाली. 'स्वयंपूर्ण' हा शब्द लांबून छान वाटतो. पण एका जहाजासाठी पंधरा जण खवळलेल्या समुद्रात होडी घालतात, यावरून कळतं की बाहेरच्या मालाची किती गरज होती.

टोल वाजला की

आज गाव कशावर चालतं? शेवंडीवर. कोकणातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: शेवंड म्हणजे लॉब्स्टर, मोठ्या मिशांचा आणि पुढे आकडे नसलेला. १९४९ च्या सुमारास त्यावर प्रक्रिया करणारी फॅक्टरी आली आणि बेटाला रोख उत्पन्न सुरू झालं. आज हा माल गोठवून जपान, अमेरिका, युरोपला जातो.

पण मासेमारीचा दिवस कॅलेंडरवर ठरत नाही. पहाटे अनुभवी माणसं समुद्र बघतात. ठीक वाटला तर गावात टांगलेला धातूचा टोल वाजवतात, त्याला तिथे 'डाँग' म्हणतात. टोल वाजला की फिशिंग डे. एरवी सरकारी ऑफिसात, सुतारकामात असलेले लोकही त्या दिवशी होडी काढतात. लहान मोटरबोटी, पिंजरे आणि जाळी. संध्याकाळी माल आला की फॅक्टरीत रात्री उशिरापर्यंत काम. असे होडी काढण्याजोगे दिवस वर्षात किती? जेमतेम साठ-सत्तर.

आता नियम. शेवंड ठरावीक मापापेक्षा लहान असेल तर परत पाण्यात. अंडी असलेली मादी परत पाण्यात. प्रत्येक बेटाभोवती वर्षाला किती टन काढायचे याचा कोटा ठरलेला, आणि तो संपला की काम बंद, मग भाव कितीही चढलेला असो. २०११ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप काउन्सिलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं.

इथे मला हर्णैचा माझा मामा आठवतो. लहानपणी सुट्टीत गेलो की संध्याकाळी बंदरावर लिलाव बघायला न्यायचा. आपल्याकडेही नियम आहेत: पावसाळ्यात दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा होड्या पाण्यात. जुन्या लोकांनी आणि कायद्याने दोघांनीही समुद्राला सुट्टी दिलीये. पण मामा म्हणतो, "बंदी पाळणारा पाळतो. बाहेरून येणारी मोठी बोट रात्रीत सगळं उचलून नेते. समुद्र कुणाच्या बापाचा नाय ना, म्हणून सगळे ओरबाडतायत."

हे वाक्य डोक्यात ठेवा. ट्रिस्टनने नेमकं याच्या उलट केलं. त्यांनी ठरवलं की हा समुद्र कुणाचा तरी आहे. आमचा, आणि आमच्या पुढच्यांचा.

१९६१: सगळं गाव बोटीत

आता त्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट. १९६१ च्या ऑगस्टपासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये गावाच्या अगदी शेजारी जमीन फुगली, फाटली आणि लाव्हा बाहेर येऊ लागला. एक रात्र लोकांनी बटाट्याच्या शेतांकडे काढली. मग सगळे होड्यांतून शेजारच्या नाइटिंगेल बेटावर, तिथून एका डच जहाजाने केपटाउनला आणि मग इंग्लंडला. अडीचशेहून जास्त माणसं. म्हातारे, बाळं, सगळे. एकही जीव गेला नाही.

इंग्लंडमध्ये त्यांना कॅलशॉट इथल्या हवाई दलाच्या जुन्या छावणीत ठेवलं. वीज, नळाचं पाणी, पक्क्या नोकऱ्या, सिनेमा, दुकानं, सगळं मिळालं. सरकारला वाटलं, झालं, आता हे इथेच राहणार. कोण परत जाईल त्या खडकावर?

पण तिथली थंडी आणि साथीचे आजार त्यांना झेपेनात, काही वयस्कर माणसं गेली. गर्दी, घड्याळ, दाराला कुलूप या गोष्टींची त्यांना सवय नव्हती. १९६२ मध्ये काही जण पाहणीसाठी बेटावर जाऊन आले. घरं बहुतेक शाबूत, पण फॅक्टरी लाव्हाखाली, होड्या लावायची जागा गेलेली, आणि मोकाट सुटलेल्या कुत्र्यांनी मेंढ्या फस्त केलेल्या. म्हणजे परत जायचं तर जवळजवळ शून्यापासून.

डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झालं. परत जायचं: १४८. इथेच राहायचं: ५.

१९६३ मध्ये ते परतले. मला इथे थोडं थांबायचंय, कारण रील बनवणारे इथेच थांबतात आणि मागे बासरी लावतात. खरी गोष्ट पुढे चालूच राहिली. १९६६ मध्ये तीसेक जण पुन्हा इंग्लंडला गेले, आणि त्यातलेही बरेच नंतर परत आले. लोक तिथे अडकलेले नव्हते. दोन्ही बाजू बघून त्यांनी निवड केली होती. आणि नव्या बंदराला नाव काय दिलं माहितीये? कॅलशॉट. ज्या छावणीत नकोसं झालं होतं, तिचंच. आसरा दिला होता ना त्यांनी.

२०११: दुसऱ्याची चूक

१६ मार्च २०११. ब्राझीलहून सिंगापूरला सोयाबीन नेणारं 'ओलिव्हा' नावाचं मालवाहू जहाज सरळ नाइटिंगेल बेटावर जाऊन आदळलं. बावीस खलाशी वाचले. जहाज फुटलं आणि हजार टनांहून जास्त इंधन तेल समुद्रात पसरलं. नाइटिंगेल म्हणजे नॉर्दर्न रॉकहॉपर पेंग्विनचं घर, जगात हा पेंग्विन मुख्यतः याच भागात आहे.

अडीचशे माणसांच्या गावाने काय केलं? होड्या काढल्या, तेलाने माखलेले साडेतीन हजारांहून जास्त पेंग्विन उचलून गावात आणले, धुतले, मासे भरवले. गावातला पोहण्याचा तलाव पेंग्विनसाठी दिला. घरच्या फ्रीजरमधले मासे बाहेर आले. इतकं करूनही बहुतेक पेंग्विन वाचले नाहीत. दहातला एक वगैरे वाचला.

आणि शेवंड? नाइटिंगेल आणि शेजारच्या इनअॅक्सेसिबल बेटाभोवतीची मासेमारी त्यांना बंद करावी लागली. स्वतःचा काही दोष नसताना.

आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एकच उत्पन्न, आणि त्यावर हजारो किलोमीटर लांबून निघालेल्या जहाजाचा घाला. २००८ मध्ये फॅक्टरी जळाली तेव्हाही हाच धोका समोर आला होता. नवी उभी राहायला वर्षाहून जास्त लागलं.

एवढं झाल्यावर एखाद्या गावाने म्हटलं असतं, कोटा वाढवा, नुकसान भरून काढू. यांनी २०२० मध्ये काय केलं, तर आपल्या भोवतालचा ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित जाहीर केला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त. त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त भागात कुणीच मासेमारी करायची नाही. स्वतःच्या शेवंडीसाठी बेटांभोवतीचा थोडा भाग ठेवला. एवढ्या समुद्रावर पहारा ठेवायला त्यांच्याकडे नौदल नाही, म्हणून ब्रिटिश सरकारच्या मदतीने उपग्रहावरून नजर ठेवली जाते.

मग स्वयंपूर्ण म्हणजे काय?

खरं सांगायचं तर ट्रिस्टन पूर्ण स्वयंपूर्ण नाही. डिझेल बाहेरून येतं. पीठ बाहेरून. डॉक्टर बाहेरून. मोठं ऑपरेशन असेल तर केपटाउन. २००५ मध्ये त्यांना ब्रिटिश पोस्टकोड मिळाला, ऑनलाइन खरेदी करता यावी म्हणून. पार्सल मात्र बोट येईल तेव्हा. 'दहा मिनिटांत डिलिव्हरी'वाल्यांनी जरा याचा विचार करा.

आपण स्वयंपूर्ण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतो कुणाचीही गरज नसलेला माणूस. ट्रिस्टन वाचल्यावर मला त्याचा वेगळा अर्थ लागला. कुठल्या गोष्टीसाठी आपण दुसऱ्यावर अवलंबून आहोत हे नक्की माहीत असणं, आणि जे आपलं आहे त्यातलं किती घ्यायचं हे आपणच ठरवणं. बटाटा फसला, बोट आली नाही, तर शेजारी आहे. गाईंची संख्या, शेवंडीचे टन, बोटीतल्या जागा, पाहुण्यांची संख्या, या सगळ्यावर त्यांनी आकडा लावलाय, आणि तो आकडा सगळ्यांना माहीत आहे.

मी माझं बघितलं. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये पाणी कुठल्या धरणातून येतं हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. टँकर बंद झाला तर किती दिवस निघतील, शेजारच्या फ्लॅटमधल्या काकांचं नाव काय, काहीच नाही. माझ्याकडे त्यांच्यापेक्षा शंभरपट वस्तू आहेत. पण एक आठवडा ऑर्डर आली नाही तर मी जास्त अडचणीत येईन.

तर जायचं का?

येण्याचं कारण. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'जगातली सगळ्यात एकाकी वस्ती बघायची आहे.' मग खोडलं. आपल्या गावात कुणी येऊन म्हणालं, तुम्ही किती एकाकी आहात ते बघायला आलोय, तर आपण चहा तरी देऊ का?

तुम्ही खरंच जायचं ठरवलंत तर तीन गोष्टी. एक, परतीच्या तारखेवर काहीही अवलंबून ठेवू नका. बोट हवामानावर चालते, मॅनेजरच्या मेलवर नाही. दोन, ज्यांच्या घरी राहाल त्यांच्या दिवसात बसा. टोल वाजला तर सगळे कामाला जाणार, तुम्हाला फिरवायला कुणी मोकळं नसेल. तीन, बुटांना चिकटलेलं बी, बॅगेतला किडा, काहीही नेऊ नका. जहाजातून आलेल्या उंदरांशी ते आजही लढतायत, दरवर्षी 'रॅटिंग डे'ला सगळं गाव उंदीर मारायला निघतं, आणि सगळ्यात लांब शेपटीला बक्षीस असतं!

मी अर्ज अजून पाठवलेला नाही. त्याआधी एक काम करायचं ठरवलंय: या मे महिन्यात आठ दिवस हर्णैला मामाकडे. त्याच्याबरोबर पहाटे होडीवर जाणार, आणि विचारणार की पूर्वी गावात 'एवढंच घ्यायचं' हे कोण ठरवायचं, आणि ते कधी थांबलं. फोनवर विचारलं तर हसला. म्हणाला, "तुला त्या बेटावर जायाला आठ दिवस बोट. इथं यायला पाच तास येष्टी, तरी चार वर्षं आला नाहीस."

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तुमच्या गावात असा काही नियम होता का? तळ्यातले मासे, गावची चराई, देवराईतलं लाकूड, विहिरीचं पाणी, काहीही. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट करून पाठवा, अगदी दोन मिनिटांची चालेल. हर्णैहून आल्यावर त्या सगळ्या घेऊन एक एपिसोड करू.

तोवर काळजी घ्या, आणि शेजारच्या काकांचं नाव विचारून ठेवा. मी विचारलं. भेटू!